परतीचा वारा पाठीवर

भाच्या, बोट घेतलीस हे चांगलं केलंस. तुझ्या आजोबांच्या घरात शिडाची होडी होती, मग यांत्रिक नौका आली, मग कोणीच समुद्रावर गेलं नाही. आता तू पुण्याहून येऊन तेरेखोलच्या खाडीत स्वतःची मोटरबोट नांगरणार, बायको-मुलांना घेऊन दिवसभर किनाऱ्याने फिरणार, ऐकून बरं वाटलं. माझ्या गुडघ्यांमुळे मला आता बोटीत चढता येत नाही. म्हणून हे लिहून देतो. दोनदा वाच, आणि घरच्यांनाही वाचून दाखव, कारण बोटीवर फक्त सुकाणू धरणाऱ्याला माहीत असून भागत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी. समुद्रावरचा दिवस परतीपासून मागे मोजायचा. कुठे जायचं, किती वाजता निघायचं, कुठे जेवायचं, हे सगळं त्यानंतर. बहुतेक माणसं सकाळचं काचेसारखं पाणी बघतात आणि त्यावरून दिवस ठरवतात. सकाळचं पाणी रेडीला कोणालाही मान देतं. परीक्षा दुपारी तीनला असते.

याचं कारण वाऱ्यात आहे. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र ऊबदार राहतो, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. हा मतलई. तो किनाऱ्याजवळ लाट उठू देत नाही, उलट पाणी दाबून ठेवतो. नऊ-दहाच्या सुमारास तो मरतो. मग तासभर काहीच नसतं, ऊन चटका देतं, पाणी तेलकट दिसतं. बारा-साडेबाराला वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि सूर्य कलेपर्यंत वाढत जातो. डिसेंबर-जानेवारीत तो सौम्य असतो, फेब्रुवारीपासून जोर धरतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीनला शिरोड्यासमोर पाणी पांढरं झालेलं दिसेल. लाटांच्या डोक्यावर पांढरे तुरे दिसू लागले की लहान बोटीची मजा संपली असं समज.

आता नकाशा समोर घे. आपला किनारा साधारण उत्तर-दक्षिण पसरलाय. वारा दुपारी वायव्येचा. म्हणजे सकाळी तू उत्तरेला, वेंगुर्ल्याच्या दिशेने गेलास तर शांत पाण्यात जाशील, आणि दुपारी येताना वारा आणि लाट दोन्ही तुझ्या पाठीवर असतील. तेच सकाळी दक्षिणेला, हरमल-मोरजीवरून शापोऱ्याकडे गेलास, तर परत येताना दर लाटेवर नाळ आपटत, मुलांच्या तोंडावर खारं पाणी उडवत, दुप्पट पेट्रोल जाळत यावं लागेल. गोव्याची ओढ सगळ्यांना असते, तुझ्या मुलांनाही असणार. शापोरा तेरेखोलच्या मुखापासून जेमतेम सहा-सात सागरी मैल आहे, म्हणून ते जवळचं वाटतं. पण माझं सांगणं हेच की पहिला सगळा हंगाम उत्तरेला जा. दक्षिणेला जायचंच झालं तर डिसेंबरात जा, आणि अकरा वाजता परत फीर, जेवण घरी.

वारा पाठीवर असला की सगळं सोपं, असं मात्र समजू नकोस. मागून येणारी लाट वेगळ्या तऱ्हेने दगा देते. बोट लाटेच्या उतारावर घसरू लागली की नाळ पुढच्या लाटेत घुसते, पिछाडी उचलली जाते, पंखा हवेत फिरतो आणि सुकाणूला पाणीच लागत नाही. त्या क्षणी मागची लाट तिरकी लागली तर बोट आडवी होते, आणि आडव्या बोटीवर पुढची लाट चढते. उपाय वेगात आहे. लाटेच्या मागच्या पाठीवर बसून तिच्याच वेगाने ये. तिला ओलांडून पुढे जायचा मोह धरू नकोस. माणसं आणि सामान थोडं मागे सरकव, म्हणजे नाळ हलकी राहील. हात सतत गॅसवर ठेव. आणि मागे बघत राहा. समोर बघणारे पुष्कळ असतात, मागची मोठी लाट बघायला एकाला मुद्दाम बसवावं लागतं. तुझी मोठी मुलगी हे काम करील, तिला बैठक आहे.

यानंतर मुख. तेरेखोलच्या मुखातून बाहेर पडताना उजव्या हाताला तेरेखोलच्या किल्ल्याचा डोंगर आणि त्याखालचे खडक, डाव्या हाताला केरीची वाळू. नदी गाळ आणते, समुद्र तो परत लोटतो, आणि दोघांच्या भांडणात वाळूचा दांडा तयार होतो. हा दांडा एका जागी राहत नाही. प्रत्येक पावसाळ्यानंतर तो सरकलेला असतो. म्हणून मोबाईलच्या नकाशावरच्या रेषेवर भरवसा ठेवून मुखातून जायचं नाही. हंगामाच्या सुरुवातीला केरीच्या किंवा आरोंद्याच्या मच्छीमाराला बोटीत घे, त्याच्या दिवसाचे पैसे दे, आणि भर ओहोटीला त्याच्याबरोबर मुख बघून ये. पाणी कमी असताना जे दिसतं तेच पाणी जास्त असताना उपयोगी पडतं. त्याने दाखवलेल्या वाटेसाठी जमिनीवरच्या दोन खुणा धर, एक जवळची आणि एक मागची, दोन्ही एका रेषेत आल्या की तू वाटेवर आहेस. बाहेर पडताना थांबून मागे वळून बघ, कारण परत येताना किनारा तसाच दिसायला हवा आणि संध्याकाळच्या उजेडात तो वेगळा दिसतो.

मुखात धोका कधी असतो? ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं, समोरून वाऱ्याची लाट आत येत असते, दोन्ही एकमेकांवर आदळतात. मग लाट आखूड आणि उभी होते आणि दांड्यावर फुटते. बाहेर बरं असलेलं पाणी मुखात वाईट असू शकतं. म्हणजे दुपारचा वारा आणि दुपारची ओहोटी ही जोडी टाळायची. ती टाळायला पंचांग पुरतं.

आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, जे येतील ते तास. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. अष्टमीला सहा. षष्ठीला साडेचार. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सुकती. ही अंदाजाची रीत आहे, पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या नसतात, म्हणून छापील तक्त्याशी किंवा मोबाईलवरच्या आकड्याशी ताडून घे. तक्ता कुठल्या बंदराचा आहे ते मात्र पाहा. मुंबईचा तक्ता इथे चालत नाही. भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मुंबईच्या आधी आपल्याकडे पाणी भरतं. मार्मागोव्याचा तक्ता आपल्याला जवळचा. उंचीतही फरक आहे. मुंबईत उधाणाचा आकडा साडेचार-पाच मीटरचा असतो, आपल्याकडे दोन-सव्वादोनचा. म्हणून मुंबईकर इथे येऊन भरती-ओहोटीला हसतात. दांड्यावर तेवढ्याच पाण्याने बोट तरते किंवा टेकते.

आता हिशेब कर. अमावास्या-पौर्णिमेला भरती अकराच्या आसपास, म्हणजे दुपारी तीनला जोरदार ओहोटी चालू, वर उधाणाचा प्रवाह, वर वायव्येचा वारा. ते दिवस घरी बस किंवा बाराच्या आत परत ये. षष्ठीपासून अष्टमीपर्यंत मात्र भरती संध्याकाळी साडेचार ते सहाला. तू दुपारी मुखाशी येशील तेव्हा पाणी आत येत असेल, वारा आत ढकलत असेल, दोघांचं भांडण नसेल. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, प्रवाहही मंद. तुझी सुट्टी शनिवार-रविवारी असते हे मला माहीत आहे. सगळ्या शनिवारांपैकी असे शनिवार महिन्याला एखाददुसरे मिळतील. तेवढेच तुझे. बाकीच्या शनिवारी खाडीत फीर, त्याबद्दल पुढे सांगतो.

तरीही कधी मुखाशी येऊन पाणी फुटताना दिसलं तर बाहेरच थांब. नाळ लाटेकडे करून, इंजिन सावकाश चालू ठेवून, दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघ. मोठ्या लाटा एकामागून एक येतात, मग थोडा वेळ पाणी सपाट होतं. कुठे फुटतंय, कुठे फुटत नाही, हे तेवढ्यात कळतं. शेवटची मोठी लाट पुढे गेली की तिच्या पाठीमागे आत जा. एकदा आत घुसलास की मध्येच वळायचं नाही. पाणी मान्य नसेल तर वेंगुर्ल्याच्या बंदरात परत जा, गाडी मागव, बोट रात्रभर तिथे राहू दे. यात कमीपणा नाही. चांगल्या तांडेलांनी हे हयातभर केलेलं आहे.

कधी निघायचंच नाही, तेही ऐक. आपल्या बाजूला जलपर्यटनाच्या आणि प्रवासी बोटी २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात, आणि यांत्रिक मासेमारीला १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी असते. स्वतःची बोट आहे म्हणून तो नियम आपल्याला नाही, असं कोणी सांगेल, ऐकू नकोस. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणजे तुझा समुद्र खुला झाला, असंही नाही. लहान बोटीने ऑक्टोबर अर्धा जाऊ द्यावा. आणि वादळं फक्त पावसाळ्यात येतात हा समज काढून टाक. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, ऐन हंगामात, जेव्हा सगळ्या नौका बाहेर होत्या. क्यार २०१९ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर. तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात. निघण्याच्या आदल्या रात्री आणि सकाळी पुन्हा, हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉईसचा लाटांचा अंदाज बघ. लाटेची उंची बघतोस तसा दोन लाटांमधला काळही बघ. दूर कुठेतरी झालेल्या वादळाची लांब, संथ लाट इथे वारा नसतानाही येते. उघड्या समुद्रात ती जाणवत नाही. मुखात आणि खडकांवर जाणवते.

कागदपत्रं एका ओळीत: मेरीटाईम बोर्डाची नोंदणी, विमा, बोट चालवण्याचा परवाना, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बोटीवर. २६ नोव्हेंबर २००८ नंतर किनाऱ्यावर विचारपूस होते आणि व्हायलाच हवी. तेरेखोल ही सरहद्दीची नदी आहे, किल्ला नदीच्या आपल्या बाजूला असूनही गोव्याचा आहे, म्हणून दोन्हीकडच्या पोलिसांना आणि बंदर खात्यांना तुझी बोट ओळखीची असू दे. निघताना घरी कागदावर लिहून ठेव: किती माणसं, कुठे जाणार, किती वाजता परत, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. तुझी मामी हा कागद फ्रिजवर लावील आणि घड्याळ बघत बसेल. तिला फसवी वेळ सांगू नकोस.

आता माणसं. लाइफ जॅकेट जेटीवर घालायचं, बोटीत चढायच्या आधी. लहान मुलांना लहान मुलांचं, दोन पायांमधून पट्टा असलेलं, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं. गरम होतं, फोटोत चांगलं दिसत नाही, पोहता येतं, या तिन्ही सबबींना तुझ्या बोटीवर जागा नको. २४ मे २०२२ ला तारकर्लीला पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन माणसं गेली. किनारा दिसत होता. किनारा दिसणं आणि किनाऱ्यावर पोचणं यात फार अंतर आहे.

बसायच्या जागा तू ठरवून दे. कोणी नाळेवर पाय सोडून बसणार नाही, कोणी कठड्यावर बसणार नाही. डॉल्फिन एका बाजूला दिसला की सगळे त्या बाजूला धावतात, हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाणारी रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. वादळी लाटेने बोट कलली आणि घाबरलेली माणसं एका बाजूला गेली, असं तेव्हापासून सांगत आलेत. कोकणातल्या घराघरांत ती गोष्ट आहे. तुझी बोट रामदासपेक्षा कितीतरी लहान. पाच माणसं एका कुशीला गेली तरी पुरे. निघण्याआधीच सांग: काहीही दिसलं तरी बसल्या जागेवरून बघायचं, बोट मी वळवीन.

इंजिनाची लाल दोरी तुझ्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधलेली असलीच पाहिजे. तू पडलास तर इंजिन बंद पडायला हवं, नाहीतर सुटी बोट गोल फिरत पडलेल्या माणसावरच परत येते. कोणी दुसरा पडला तर पहिलं काम सुकाणू त्याच्या बाजूला वळवणं, म्हणजे पिछाडी आणि पंखा त्याच्यापासून लांब जातो. एकाने बोट दाखवून त्याच्याकडे बघत राहायचं, नजर हलवायची नाही. वळून वाऱ्याच्या तोंडावर सावकाश जवळ जा आणि हात लागायच्या आधी इंजिन बंद कर.

पेट्रोलचे तीन वाटे कर. एक जायला, एक यायला, एक हात न लावायला. तिसरा वाटा वारा, प्रवाह आणि दुसऱ्याची अडलेली बोट ओढून आणण्यासाठी असतो. किनाऱ्यावर कॅनमधून भरताना पाणी आणि कचरा जातो, म्हणून गाळून भर, आणि इंधनाच्या वाटेवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसव. चालू करण्याआधी टाकीच्या कप्प्याचं झाकण उघडून वास घे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. इंजिन सुरू झालं की मागून पाण्याची बारीक धार पडते का ते बघ. ती थंड करणाऱ्या पाण्याची धार. थांबली की इंजिन तापायला लागलं, बहुधा प्लास्टिकची पिशवी किंवा वाळू अडकली. दिवसभरात मधूनमधून त्या धारेकडे नजर टाकायची सवय लाव. बोटीवर जास्तीचा पंखा, त्याची पिन, पाना, धारदार सुरी, टॉर्च, शिट्टी, आरसा, वल्ही, दोन नांगर आणि लांब दोरी. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. किनाऱ्यापासून लांब गेलं की रेंज जाते, म्हणून परवाना काढून व्हीएचएफ सेट घे आणि १६ नंबर चॅनल उघडा ठेव.

आता वाट. सकाळी साडेसहा-सातला, पुरतं उजाडल्यावर मुखातून बाहेर पड. अंधारात निघू नकोस. जाळी दिसत नाहीत. मुख सोडलं की उत्तरेला रेडीचं बंदर लागतं. खनिजाची जहाजं नांगरून असली तर त्यांच्यापासून आणि बार्जांच्या वाटेपासून लांब राहा. मोठ्या जहाजाला नाळेसमोरची छोटी बोट दिसत नाही, आणि दिसली तरी थांबता येत नाही. वर टेकडीच्या झाडीत यशवंतगड. मुलांना दाखव. विजापूरकर, शिवाजी महाराज, सावंतवाडीकर, पोर्तुगीज, इंग्रज, सगळ्यांना ही छोटी खाडी हवी होती. कशासाठी, ते पाण्यातून बघितलं की कळतं: उघड्या किनाऱ्यावर आडोसा फार थोड्या ठिकाणी आहे. तेरेखोलचा किल्लाही सावंतांचा होता, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रह्यांनी त्यावर तिरंगा लावला होता.

मग शिरोड्याची वेळागर. सुरूची बनं, मागे मिठागरं, जिथे १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला आणि जिथल्या शाळेत वि. स. खांडेकर शिकवायचे. इथे किनाऱ्यापासून लांबूनच जा. सकाळी रापण लागलेली असते. दोरीची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणि जाळं अर्धगोल समुद्रात. त्या अर्धगोलात बोट घालणं म्हणजे वीस-पंचवीस घरांचं त्या दिवसाचं जेवण तोडणं. बाहेर तरंगणारी जाळी असतात, टोकाला बावटा किंवा डबा. दोन बावट्यांच्या मधून जायचं नाही, टोकाला वळसा घालून जायचं. जाळं कुठल्या बाजूला पसरलंय कळलं नाही तर थांबून नौकेवरच्या माणसाला हात करून विचार. तो दाखवतो. दोरी पंख्यात गेलीच तर इंजिन बंद, उचल, हाताने सोडव, कापावी लागली तर त्या माणसाला शोधून भरपाई दे. ते लोक तुझे शेजारी आहेत. तुला अडचण आली की पहिले पोचणारे तेच असतात.

आरवलीचा वेतोबा, मोचेमाडची खाडी, मग वेंगुर्ला. मुखापासून आठेक सागरी मैल. सावकाश गेलास तरी नऊच्या आत पोचशील. बंदराच्या आडोशाला नांगर टाक, मुलांना उतरून गाव दाखव, डचांच्या सतराव्या शतकातल्या वखारीचे अवशेष अजून आहेत. पूर्वी मुंबईहून किनाऱ्याने येणाऱ्या आगबोटी इथे थांबायच्या, तुझी आजी माहेराहून तशीच यायची. तिथून समुद्रात नऊ-दहा मैलांवर, निवतीसमोर, वेंगुर्ला रॉक्स आहेत, दीपगृह असलेले. तिथे जाण्याचा हट्ट मुलं करणार. पहिल्या हंगामात नाही. ते उघड्या समुद्रात आहेत, भोवती बुडीत खडक आहेत, आणि दुपारच्या वाऱ्यात तिथून परत येणं हे वेगळं काम आहे. पुढे कधी गेलास तर निवतीचा माहीतगार घेऊन जा आणि गुहांपाशी जाऊ नकोस. तिथे भारतीय पाकोळ्यांची घरटी आहेत. लाळेच्या त्या घरट्यांसाठी चोऱ्या झाल्या, पुष्कळ मेहनतीने ती जागा राखलीय. इंजिनाच्या आवाजाने आणि माणसांच्या गलबल्याने पाखरं अंडी सोडून उठतात.

नांगर नेहमी नाळेवरून. पिछाडीवरून टाकलास तर लाट मागून आत येते आणि इंजिनाच्या वजनाने बोट तिथेच बुडते. दोरी पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी सोड, वारा असला तर सातपट. दोन वाव पाण्यात दहा वाव दोरी. आखूड दोरीने नांगर रुतत नाही, घसटतो. टाकल्यावर किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरून दहा मिनिटं बघ, खुणा सरकल्या तर नांगर घसटतोय.

जेवण लवकर, अकराच्या आत, वारा यायच्या आधी. रिकाम्या पोटाला बोट जास्त लागते, तुडुंब पोटालाही लागते. निघताना पेज किंवा घावणे, बरोबर उकडलेली रताळी, केळी, लिंबू, आल्याचा तुकडा, आणि माणशी तीन लिटर तरी पाणी. ज्याला बोट लागते त्याला पिछाडीकडे मध्यावर बसव, क्षितिजाकडे बघायला सांग, मोबाईल काढून घे. तळलेलं मासळीचं जेवण परत आल्यावर. बोटीवर दारू कोणालाही नाही, पाहुण्यांनाही नाही.

बाराला परतीला लाग. कोणी म्हणेल, अजून तासभर. बाराचा तो तास तीनला दोन तासांचा होतो.

डॉल्फिन बहुतेक किनाऱ्याजवळ, नदीमुखांच्या आसपास दिसतील. पाठलाग करू नकोस, समोर आडवा जाऊ नकोस. लांबून समांतर जा, वेग कमी ठेव, मग इंजिन न्यूट्रलला टाकून थांब. त्यांना यायचं असेल तर तेच येतात. नोव्हेंबरनंतर वायंगणी-शिरोड्याकडच्या वाळूत कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा किनाऱ्याजवळच्या पाण्यात वेग कमी ठेव.

आणि खाडीचे शनिवार. तिथीने साथ दिली नाही की तेरेखोल नदीने वर जा, आरोंदा, किरणपाणी, सातार्ड्याच्या दिशेला. भरती सुरू झाल्यावर निघ, पूर्ण भरतीच्या आधी वळ, म्हणजे टेकलास तरी चढतं पाणी तुला सोडवील. उतरत्या पाण्यात टेकलेली बोट सहा तास तिथेच बसते. वळणावर बाहेरच्या अंगाला खोली असते, आतल्या अंगाला गाळ. केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीच्या पुढून कधी जाऊ नकोस, मागून जा. कांदळवनाजवळ आणि लहान होड्यांजवळ वेग इतका कमी कर की तुझी लाट काठाला लागणार नाही. ओहोटीला बायका कमरेइतक्या पाण्यात तिसऱ्या-कालवं काढत असतात. तुझ्या लाटेने त्यांची पाटी उलटते, पाय घसरतो. त्यांना हात करून, थांबून, पुढे जा. मला विचारशील तर हा दिवस समुद्राच्या दिवसाहून कमी नाही. खंड्या, बगळे, घारी, आणि नोव्हेंबरात पाहुणी पाखरं. मुलं इथे सुकाणू धरायला शिकतील.

इंजिन बंद पडलं तर दुरुस्तीच्या आधी नांगर. हे पाठ कर. माणसं झाकण उघडून स्पार्क प्लग शोधत बसतात आणि बोट वाहत खडकावर जाते. नांगर रुतला की वेळच वेळ आहे. मग इंधन, मग दोरी, मग पंखा, मग बाकीचं. मदत मागायला उशीर करू नकोस, उजेड असताना माग. बोट उलटलीच तर बोटीला धरून राहा, सगळ्यांनी एकत्र. फायबरची बोट सहसा पालथी होऊनही तरंगते आणि शोधणाऱ्याला पालथी बोट दिसते, पोहणारं डोकं दिसत नाही. उथळ वाळूत उतरताना पाय घासत चाल, म्हणजे पाकट बाजूला होते. तिचा काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेव आणि शिरोड्याच्या सरकारी रुग्णालयात ने.

परत आलास की आधी मामीला फोन, मग आंघोळ. बोटीला गोडं पाणी लगेच दे, उद्यावर टाकू नकोस. इंजिनाला पाइप लावून दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालव, मीठ आत वाळलं की वाटा बुजतात. दोऱ्या धू, नांगर धू, लाइफ जॅकेट सावलीत वाळव, उन्हात त्यांचे पट्टे कुजतात. बॅटरी काढ. पंख्याभोवती मासेमारीचा तंगूस गुंडाळलाय का ते बोट फिरवून बघ, तो आतलं सील कापतो. महिन्यातून एकदा गिअरचं तेल थोडं काढून बघ. दुधाळ, पांढरट निघालं तर सीलमधून पाणी आत गेलंय. त्या दिवशी बोट पाण्यात घालायची नाही, षष्ठी असो की अष्टमी. वेंगुर्ल्याच्या मिस्त्रीला दाखव, सील बदलून घे, आणि जुनं सील मागून घेऊन मला आणून दाखव.